कॉम्प्युटर नव्हता तेव्हा पार्टला पार्ट धडकतोय का, हे कागदावर शोधणारा गडी : चार्ल्स बॅबेज

संगणकाचे जनक कोण? शाळेतला एका मार्काचा प्रश्न. उत्तर सगळ्यांना पाठ, चार्ल्स बॅबेज. मार्क मिळाला, विषय संपला.

पण याच माणसाची दुसरी ओळख आपल्याकडच्या मेकॅनिकलवाल्यांना जास्त जवळची वाटेल.

डिझाइनमध्ये काम करणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा, कामातली सगळ्यात बेक्कार वेळ कोणती? तो सांगेल, सॉफ्टवेअरमध्ये असेंब्ली एकदम झकास दिसते, पार्ट बनून येतात आणि फिटर ते बसवायला गेला की एक तरफ दुसऱ्या गिअरला जाऊन अडते. मग फोन येतो. माल बनलेला असतो, पैसे गेलेले असतात आणि चूक ड्रॉइंगमध्ये सापडते.

हे टाळण्यासाठी आज सॉफ्टवेअरमध्ये कोलिजन डिटेक्शन असतं. कुठला पार्ट कुठल्या पार्टमध्ये घुसतोय, हे पार्ट बनायच्या आधी सांगणारी सोय.

बॅबेजला पंचवीस हजार पार्टचं मशीन बनवायचं होतं. साल होतं १८२२. कॉम्प्युटर नव्हता, कारण तोच तर बनवायला तो निघाला होता. मग पार्ट एकमेकांना धडकणार नाहीत, हे त्यानं तपासलं कसं?

बँकवाल्याचा पोरगा आणि चुकांनी भरलेली पुस्तकं

चार्ल्स बॅबेज जन्मला २६ डिसेंबर १७९१ ला, लंडनमध्ये. वडील बेंजामिन बँकेच्या धंद्यात, त्यामुळे घरात पैसा होता. १८१० साली तो केंब्रिजला शिकायला गेला. तिथं शिकवलं जाणारं गणित जुनाट आहे असं त्याचं मत झालं, म्हणून जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या दोस्तांना घेऊन त्यानं १८१२ मध्ये अॅनालिटिकल सोसायटी काढली आणि युरोपातलं नवं गणित इंग्लंडमध्ये आणायचा सपाटा लावला. १८१४ मध्ये डिग्री, त्याच वर्षी जॉर्जियाना व्हिटमोरशी लग्न आणि १८१६ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतच, रॉयल सोसायटीचा फेलो.

खरी गोष्ट सुरू झाली १८२१ मध्ये. बॅबेज आणि हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत बसले होते. त्या काळी जहाज चालवायचं असो, विम्याचा हप्ता ठरवायचा असो की ताऱ्यांची जागा काढायची असो, छापील कोष्टकांशिवाय पान हलत नव्हतं. ही कोष्टकं माणसं हातानं गणित करून बनवायची, दुसरी माणसं हातानं उतरवायची आणि तिसरी माणसं खिळे जुळवून छापायची. म्हणजे चूक व्हायला तीन दारं उघडी.

एकामागोमाग चुका सापडायला लागल्या. बॅबेज वैतागला आणि त्याच्या डोक्यात आलं, हे काम वाफेच्या इंजिनासारखं एखादं यंत्र का करत नाही?

फक्त बेरजेवर चालणारं डोकं

त्याची आयडिया कळायला सोपी आहे. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. शेजारच्या आकड्यांमधले फरक काढा : ३, ५, ७, ९. आता या फरकांचे फरक काढा : २, २, २. सगळीकडे २.

म्हणजे पुढचा वर्ग काढायला गुणाकाराची गरजच नाही. ९ मध्ये २ मिळवा, ११ आले. २५ मध्ये ११ मिळवा, ३६ आले. सहाचा वर्ग तयार.

अशा पद्धतीनं कितीतरी किचकट कोष्टकं नुसत्या बेरजांवर निघतात. आणि बेरीज करायला दात्यांची चाकं पुरतात. फरकांवर चालतं, म्हणून या यंत्राला त्यानं नाव दिलं डिफरन्स इंजिन.

१८२२ मध्ये त्यानं छोटं मॉडेल करून दाखवलं. १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारनं सुरुवातीचे १,५०० पौंड दिले. १८२४ मध्ये अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. गंमत म्हणजे तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष होते हेन्री थॉमस कोलब्रुक. हे तेच कोलब्रुक, ज्यांनी भारतात राहून संस्कृतचा अभ्यास केला आणि १८१७ साली भास्कराचार्यांची लीलावती इंग्रजीत नेली.

काम मिळालं जोसेफ क्लेमंट या कारागिराला. ड्रॉइंग आणि लेथ या दोन्ही कामांत तो लंडनमधल्या सर्वोत्तम लोकांपैकी एक होता. पुढे स्क्रूच्या आट्यांना ठरावीक माप देऊन जगभर नाव कमावलेला जोसेफ व्हिटवर्थ हाही एके काळी क्लेमंटच्याच वर्कशॉपमध्ये कामाला होता. म्हणजे टीम तगडी होती.

अडचण पार्ट बनवण्याची नव्हती, ते आठवण्याची होती

पूर्ण यंत्रात सुमारे २५,००० पार्ट येणार होते. उंची आठेक फूट आणि वजन पंधरा टनांच्या आसपास.

आता ड्रॉइंगचा प्रॉब्लेम बघा. ड्रॉइंगमध्ये पार्टचा आकार दिसतो. टॉप व्ह्यू, फ्रंट व्ह्यू, सेक्शन, सगळं दिसतं. पण ड्रॉइंगमधला पार्ट हलत नाही. तो एका क्षणी, एका जागी थांबलेला असतो. हँडल पाव फेरा फिरल्यावर ती तरफ कुठं असेल? त्याच वेळी शेजारचं चाक सुटलेलं असेल की अडकवलेलं? हे कागदावर कुठंच नसतं. ते डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात असतं.

दहा पार्ट असतील तर डोकं पुरतं. हजारो पार्ट एकाच वेळी हलायला लागले की कितीही हुशार माणूस असो, गाडी अडकते.

बॅबेजनं यावर जो उपाय काढला तो त्यानं १८२६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. नाव मेकॅनिकल नोटेशन. म्हणजे यंत्रासाठी चिन्हांची भाषा.

प्रत्येक पार्टला एक अक्षर. कुठला पार्ट कुठल्या पार्टला ढकलतो, हे दाखवायला बाण आणि रेघा. पुढे त्यानं नियम आणखी पक्के केले : जागेवरून न हलणाऱ्या सांगाड्यासाठी उभी अक्षरं, हलणाऱ्या पार्टसाठी तिरकी अक्षरं. नुसतं अक्षर बघूनच कळावं, की हा गडी हलणारा आहे.

सगळ्यात भारी भाग होता वेळेचा तक्ता. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक डोळ्यासमोर आणा. कुठली गाडी किती वाजता कुठल्या फलाटावर लागणार आणि कधी सुटणार. एका फलाटावर एकाच वेळी दोन गाड्या लावल्या, तर गाड्या यायच्या आधीच कागदावर गोंधळ दिसतो.

बॅबेजनं तेच केलं. यंत्राच्या एका फेऱ्यात कुठला पार्ट कधी हलायला लागतो, कधी थांबतो, कधी मोकळा असतो आणि कधी अडकवलेला असतो, हे शेजारी शेजारी मांडलं. मग एका नजरेत कळायचं, की अमुक क्षणी हे दोन पार्ट एकाच जागेवर हक्क सांगतायत. त्या लेखात त्यानं उदाहरण म्हणून आठ दिवस चालणारं घड्याळ या भाषेत उलगडून दाखवलं होतं.

आजच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंग जागेतली टक्कर दाखवतं आणि नोटेशन वेळेतली. दोन्ही मिळून बॅबेजचं कोलिजन डिटेक्शन पूर्ण होत होतं, शाईनं आणि कागदावर.

एकाच वेळी द्यायचं आणि घ्यायचं, हे जमत नाही

वेळेतली टक्कर म्हणजे काय, ते त्याच्याच मशीनमध्ये बघू.

डिफरन्स इंजिनमध्ये चाकांचे उभे खांब असतात. प्रत्येक खांबावर एक संख्या. पहिल्या खांबाची संख्या दुसऱ्यात मिळवायची, दुसऱ्याची तिसऱ्यात, असं पुढं पुढं. आता सगळ्या बेरजा एकदम करायच्या म्हटल्या, तर दुसऱ्या खांबाला एकाच वेळी पहिल्याकडून घ्यायचंय आणि तिसऱ्याला द्यायचंय. चाक एक आणि कामं दोन. इथंच दाते अडकणार.

म्हणून बॅबेजनं फेरा दोन भागांत तोडला. आधी एकाआड एक खांब देणार आणि त्यांच्या शेजारचे फक्त घेणार. मग अदलाबदल. खांब कितीही असोत, काम दोनच टप्प्यांत उरकतं आणि कोणी कोणाच्या मध्ये येत नाही.

दुसरी अडचण हातच्याची. नऊच्या पुढं चाक गेलं की वरच्या चाकाला एक द्यायचा. पण वरचं चाक त्याच वेळी स्वतःच्या बेरजेत फिरत असेल तर? बॅबेजनं ठरवलं, बेरीज चालू असताना हातचा आला तर तो लगेच द्यायचा नाही. एक छोटा खटका पडून फक्त खूण राहील. बेरीज संपली की मग खालून वर, एकेका चाकावर जाऊन ज्याचा त्याचा हातचा द्यायचा. हे काम करणारे हात त्यानं खांबाभोवती गोल जिन्यासारखे चढत लावले, म्हणजे प्रत्येकाची पाळी आपोआप एकामागून एक येते.

आपण शाळेत हातचा बोटावर धरायचो आणि पुढच्या घराची बेरीज झाली की मिळवायचो, अगदी तसंच.

आणि मग सगळं फिस्कटलं

१८२७ हे साल बॅबेजच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट साल. त्या एका वर्षात वडील गेले, एक मुलगा गेला, बायको जॉर्जियाना गेली आणि नुकतं जन्मलेलं बाळही गेलं. तो खचला. मशीनचं काम क्लेमंटच्या हाती सोपवून काही काळ युरोपात फिरत राहिला. तिकडं असतानाच केंब्रिजनं त्याला गणिताचा ल्युकेशियन प्रोफेसर केलं. एके काळी न्यूटन ज्या पदावर होता, तेच पद.

परत आल्यावर काम पुढं सरकलं. १८३२ मध्ये मशीनचा एक तुकडा जोडून तयार झाला. सुमारे २,००० पार्टचा, म्हणजे गणित करणाऱ्या भागाचा साधारण सातवा हिस्सा. तो फिरवला आणि चालला. बॅबेज घरच्या पार्ट्यांमध्ये पाहुण्यांना तो फिरवून दाखवायचा. १८३३ मध्ये सतरा वर्षांच्या एडा बायरननं तो पाहिला आणि ती त्यात गुंतली. हीच पुढची एडा लव्हलेस.

पण त्याच वर्षी क्लेमंटशी पैशावरून फाटलं. वर्कशॉप बॅबेजच्या घराजवळ हलवायचं होतं, क्लेमंटला त्याचे वेगळे पैसे हवे होते. क्लेमंटनं माणसं कमी केली आणि काम बंद पडलं. ते पुन्हा कधीच सुरू झालं नाही. १२,००० च्या आसपास पार्ट बनून पडले होते. त्यातले बहुतेक नंतर भंगारात वितळवले गेले.

सरकारचे जवळपास १७,५०० पौंड खर्च झाले होते. तुलनेसाठी सांगतो, १८३१ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यानं बनवलेलं जॉन बुल हे रेल्वे इंजिन ७८४ पौंडांना गेलं होतं. म्हणजे बावीस रेल्वे इंजिनांचे पैसे गेले आणि हातात आला एक तुकडा. १८४२ मध्ये रॉबर्ट पील यांच्या सरकारनं प्रकल्पातून अधिकृतपणे अंग काढून घेतलं.

तेव्हापासून लोकांनी एक निकाल लावून टाकला, की बॅबेजचं डिझाइन त्या काळाला झेपणारं नव्हतं, एवढे अचूक पार्ट बनणं शक्यच नव्हतं. हा निकाल पुढे दीडशे वर्षं टिकला. तो बरोबर होता का, ते पुढे बघूच.

लाइन मोकळी आहे म्हणे

मधे एक किस्सा सांगायलाच हवा, कारण तो टकरीचाच आहे.

१८३८-३९ च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या रुळांची रुंदी किती असावी यावर वाद पेटला होता. बॅबेजनं एका डब्यात आपली उपकरणं बसवली. डबा धावताना किती हलतो, किती उडतो, हे पेनं लांबच लांब कागदावर आपोआप नोंदवायची.

एका रविवारी तो असाच प्रयोगाला निघाला होता. त्या दिवशी लाइनवर दुसरं इंजिन नाही, असं त्याला सांगण्यात आलं. अधिकाऱ्याला खात्री होती. पण बॅबेजच्या कानाला लांबून काहीतरी आवाज आला. त्यानं गाडी सोडली नाही. थोड्याच वेळात समोरून एक एकटं इंजिन सुसाट आलं. त्यावर होता रेल्वेचा मुख्य इंजिनिअर ब्रुनेल स्वतः.

समोरून दुसरं इंजिन येताना दिसलं असतं तर काय केलं असतं, असं बॅबेजनं त्याला विचारलं. ब्रुनेलचं म्हणणं असं, की त्यानं होती नव्हती तेवढी वाफ सोडून वेग आणखी वाढवला असता, म्हणजे समोरचंच उडालं असतं.

ब्रुनेलचा उपाय ऐकायला भारी आहे, पण बॅबेज वाचला तो कान उघडे ठेवल्यामुळे. लाइन मोकळी आहे असं कोणीतरी सांगणं वेगळं आणि ती मोकळी आहे हे तपासणं वेगळं.

जॅम होणं हाच त्याचा अलार्म

डिफरन्स इंजिन अडकलं तरी बॅबेजचं डोकं थांबलं नव्हतं. १८३४ पासून तो अॅनालिटिकल इंजिनच्या मागे लागला. गणित करणारा भाग वेगळा, आकडे साठवणारा भाग वेगळा आणि हुकूम द्यायला भोकं पाडलेली कार्डं, जशी जॅकार्ड मागावर नक्षी विणायला वापरत. आजच्या कॉम्प्युटरची मांडणी तीच. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्यावर लिहिलेल्या टिपा आजही वाचल्या जातात. हे मशीन पूर्ण बनलं नाही, पण त्याची सुमारे ३०० ड्रॉइंग आणि नोटेशनचे सहाशे-सातशे कागद मागे राहिले. म्हणजे आकार दाखवणाऱ्या कागदांच्या दुप्पट कागद हालचाली तपासणारे.

या कामातून शिकलेलं सगळं वापरून १८४७ ते १८४९ मध्ये त्यानं डिफरन्स इंजिन नंबर २ काढलं. आधीच्यापेक्षा सुटसुटीत. छपाईच्या भागासकट ८,००० पार्ट. आठ खांब आणि प्रत्येकावर ३१ आकडी संख्या, म्हणजे आकड्यांची २४८ चाकं.

यातली एक गोष्ट डिझाइनवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

समजा एखादं चाक धक्क्यानं किंवा घर्षणानं ४ आणि ५ च्या मधे लटकलं. साधं मशीन असं चाक घेऊन पुढं जाईल आणि चुकीचं उत्तर छापेल. चूक कोणाला कळणारही नाही. बॅबेजनं काय केलं, तर ठरावीक क्षणी चाकांच्या दात्यांमध्ये पाचरी घुसतील अशी सोय केली. चाक थोडंसं सरकलं असेल तर पाचर त्याला जागेवर आणते. जास्तच सरकलं असेल तर पाचर दात्यावर आपटते आणि अख्खं मशीन जॅम होतं.

ही टक्कर त्यानं मुद्दाम डिझाइन केलेली आहे. मशीन चुकीचं उत्तर देण्यापेक्षा थांबून राहणं पसंत करतं. एका बाजूला नको असलेल्या टकरी कागदावर शोधून काढायच्या आणि दुसऱ्या बाजूला हवी ती टक्कर चुकीवर पहारा द्यायला बसवायची, असं या गड्याचं डोकं चालायचं.

१८५२ मध्ये त्यानं हे डिझाइन सरकारला देऊ केलं. सरकारनं नाही म्हटलं. पुढे शॉइट्झ या स्वीडिश बापलेकांनी बॅबेजच्या कल्पनेवरून वेगळं डिफरन्स इंजिन बनवलं आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मारलं. बॅबेज जळला नाही. उलट त्यांच्या मशीनचं कौतुक केलं आणि त्याचा मुलगा हेन्री यानं ते मशीन बापाच्या नोटेशनमध्ये मांडून लोकांना समजावून सांगितलं.

म्हातारपणी तो रस्त्यावर बाजा वाजवणाऱ्यांशी भांडत राहिला, त्यामुळे लोक त्याला चक्रम समजायचे. १८ ऑक्टोबर १८७१ ला तो गेला. त्याचा मेंदूसुद्धा जपून ठेवलाय. अर्धा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे, अर्धा लंडनच्या सायन्स म्युझियमकडे.

दीडशे वर्षांनी निकाल लागला

१९८५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे अॅलन ब्रॉमली यांनी सायन्स म्युझियमपुढे प्रस्ताव ठेवला. बॅबेजच्या दोनशेव्या जयंतीपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, डिफरन्स इंजिन नंबर २ प्रत्यक्ष बनवायचं. म्युझियमचे डोरॉन स्वेड यांनी जबाबदारी घेतली.

अट एकच. पार्ट आधुनिक मशीनवर बनवले तरी ते बॅबेजच्या काळात बनू शकले असते त्याहून जास्त अचूक नकोत. त्यासाठी क्लेमंटच्या हातचे शिल्लक राहिलेले पार्ट मोजले. त्यांची अचूकता इंचाच्या हजाराव्या भागाच्या दोनेक पट भरली, म्हणजे साधारण ०.०५ मिलिमीटर. तिथंच जुन्या निकालाला पहिला तडा गेला. पार्ट तेव्हाही पुरेसे अचूक बनत होते.

मग ड्रॉइंग तपासायला घेतली. चुका होत्या का? होत्या. काही मापं नव्हती आणि काही गोष्टी जुळत नव्हत्या. सगळ्यात मोठी गडबड निघाली हातचा देणाऱ्या यंत्रणेत. ड्रॉइंगमध्ये दाखवलीय तशी ती बनवली असती, तर चाललीच नसती. उपाय मात्र साधा निघाला : काही भाग उलट्या हाताचे करायचे, आरशात दिसतात तसे. डावा-उजवा गोंधळ म्हणा ना. आजही मिरर पार्टच्या जागी मूळ पार्ट टाकून लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात.

संपूर्ण मशीन जोडायच्या आधी टीमनं एक छोटा नमुना बनवून बेरीज आणि हातचा चालतो का ते पाहिलं. मग रेग क्रिक आणि बॅरी हॉलोवे या दोन इंजिनिअरांनी ४,००० पार्ट जोडले. प्रदर्शन सुरू झालं तेव्हाही मशीन मधेच अडकायचं. अडकलं की कुठं अडकलं ते शोधणं महाकठीण, कारण सगळे पार्ट एकमेकांना बांधलेले आणि एकच हँडल सगळं फिरवणारं. हँडल फिरवायला इतकं जड, की शेवटी चारास एक असा गिअर टाकून ते हलकं करावं लागलं.

एकेक जॅम सोडवत ते पुढं गेले. २९ नोव्हेंबर १९९१ ला मशीननं पहिलं पूर्ण गणित बिनचूक केलं. जयंतीला एक महिनाही उरला नव्हता. छपाईचा भाग २००२ मध्ये पूर्ण झाला, तोही चालतो.

म्हणजे हजारो पार्ट हाताला न लावता, नुसत्या कागदावर, बॅबेजनं जवळजवळ सगळ्या टकरी आधीच सोडवल्या होत्या. उरल्या होत्या त्या, पार्ट खरोखर जोडल्यावर चारचौघांच्या नजरेला सापडाव्यात अशा. तो हरला तो पैसा, भांडणं आणि राजकारण यांत.

मग आज सॉफ्टवेअर का फसवतं?

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं तर बटण दाबलं की यादी येते. खरंय. पण बॅबेज जे प्रश्न स्वतःला विचारायचा ते बटण आपणहून विचारत नाही.

पहिला प्रश्न, तपासणीत सगळे पार्ट आहेत का? लपवलेले किंवा सप्रेस केलेले पार्ट बऱ्याचदा तपासणीतून सुटतात. सब-असेंब्लीला एकच पार्ट समजा असा पर्याय चालू असेल, तर तिच्या पोटातली टक्कर यादीत येतच नाही. लाइन मोकळी दिसते, कारण आपण ती पाहिलेलीच नसते.

दुसरा प्रश्न, कुठल्या क्षणी? इंटरफेरन्सची साधी तपासणी मॉडेल ज्या स्थितीत थांबलंय तेवढंच बघते. दार बंद असताना सगळं ठीक आणि अर्ध्यावर उघडलं की बिजागरी घासते, हे तिला दिसत नाही. पार्ट पूर्ण फेऱ्यातून हलवूनच बघावा लागतो. सॉफ्टवेअर मोठी पावलं टाकत असेल, तर पातळ पत्रा दोन पावलांच्या मधून निसटूनही जातो. मग पाऊल लहान करायचं.

तिसरा प्रश्न, ही खरंच टक्कर आहे का? पार्ट हलतच नसेल तर कधी कधी दोष टकरीचा नसतो. एकाच पार्टला गरजेपेक्षा जास्त मेट लावून आपणच त्याला बांधलेलं असतं. आधी मेट काढून बघा, मग टकरीला दोष द्या. दोन पृष्ठभाग नुसते टेकलेले असतील, तर ते टक्कर धरायचे की नाही, हे सेटिंगवर ठरतं. बोल्टचे आटे आणि नटाचे आटे मॉडेलमध्ये एकमेकांत घुसलेले दिसतात, प्रेस फिटमध्ये तर शाफ्ट भोकापेक्षा मुद्दाम मोठा असतो. अशा शंभर खोट्या टकरींच्या यादीत एक खरी लपून बसते. म्हणून एखादी टक्कर इग्नोर करताना तिचं कारण लिहून ठेवायचं. कंटाळून सगळ्यांवर एकदम टिक मारली, की पुढच्याच आठवड्यात फिटरचा फोन येतो.

आणि शेवटचा, मापाचा. मॉडेलमधला पार्ट नेमक्या मापाचा असतो. लेथवरून येणारा तसा नसतो. शून्य मोकळीक स्क्रीनवर पास होते, शॉप फ्लोअरवर नाही. टॉलरन्सच्या दोन्ही टोकांना काय होतं, ते बघितल्याशिवाय ड्रॉइंग सोडायचं नाही.

यातलं काहीच बॅबेजला नवं वाटलं नसतं. त्याच्याकडं बटण नव्हतं, म्हणून त्याला प्रत्येक पार्टचं नाव, जागा आणि वेळ लिहून काढावी लागली. आपल्याकडं बटण आहे, म्हणून आपण लिहायचं सोडून दिलं.

लंडनला कधी गेलात तर सायन्स म्युझियममध्ये जा. सात फूट उंच, अकरा फूट लांब, पाच टनांचं ते कांस्याचं, बिडाचं आणि पोलादाचं धूड तिथं उभं आहे. १८३२ चा तो तुकडाही याच म्युझियमकडे आहे, जो पाहून एडा हरखली होती. बॅबेजनं आयुष्यात चालताना पाहिला तो एवढाच तुकडा. बाकीचं मशीन त्यानं फक्त कागदावर फिरवलं.